चांगल्या घरची माणसं आणि गळकी पॉन्टिअॅक

सांगू नये, पण सांगते. डेट्रॉइटच्या आसपास ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स अशा गावांत आपली जी मराठी वस्ती आहे, तिथे सध्या जे चाललंय ते पुण्यातल्या नाहीतर सांगलीतल्या सासूबाईंच्या कानावर गेलं, तर त्या मिळेल त्या विमानाने इथे येऊन थडकतील. माणसं चांगल्या घरची. आयुष्यभर मोटार कंपन्यांत इमानेइतबारे इंजिनिअरकी केली, घराचे हप्ते फेडले, मुलं मार्गाला लावली. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. आणि आता उतारवयात यांनी काय करावं? एकेकाने एकेक ठेवलीय! तिच्यासाठी निराळी जागा, जागेला हिटर, अंगावर मऊ सुती पांघरूण. रात्री जेवणं झाली की "जरा बघून येतो" म्हणून जे जातात ते बाराच्या पुढे उगवतात, आणि कपड्यांना वास येतो पेट्रोलचा. ती साठीच्या घरातली आहे, गळते, तापते, लिटरला धड पाच किलोमीटर देत नाही, आणि तिचं नाव पॉन्टिअॅक जीटीओ.

कुणाकडे मस्टँग आहे, कुणाकडे शेव्हेल, कुणाकडे डॉज चार्जर. या सगळ्या गोतावळ्याला इकडे मसल कार म्हणतात. मध्यम आकाराची दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन कोंबायचं, एवढीच पाककृती. वळणावर काय होईल, ब्रेक लागतील का, हे प्रश्न तेव्हा कुणी विचारले नाहीत आणि गाडीनेही उत्तरं दिली नाहीत. 1970 चा हवा शुद्ध ठेवण्याचा कायदा आला, तरुण पोरांच्या विम्याचे हप्ते गाडीच्या हप्त्यांशी स्पर्धा करायला लागले, 1973 मध्ये अरबांनी तेल अडवलं, आणि हा तमाशा आटोपला. तेव्हाच्या बापांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. त्यांना काय माहीत, की पोरं म्हातारी झाली की पुन्हा याच वाटेला लागणार आहेत, आणि या खेपेला पैसे स्वतःचे असल्यामुळे कुणी अडवणारही नाही!

आता तुम्ही म्हणाल, जुन्या वस्तूची हौस असते एखाद्याला. असू दे की. पण वस्तूची कुळकथा तरी बघाल की नाही? या जीटीओच्या जन्माची गोष्ट ऐका आणि मग सांगा, अशी सोयरीक कुणी केली असती का.

जनरल मोटर्सचा नियम होता: मध्यम आकाराच्या गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. स्वच्छ, लेखी नियम. पॉन्टिअॅक विभागात जॉन डीलोरियन नावाचे मुख्य इंजिनिअर होते. त्यांनी आणि बिल कॉलिन्स, रस गी या सहकाऱ्यांनी नियमाची पळवाट शोधली. नियम होता मूळ गाडीसाठी. गिऱ्हाइकाने जादा पैसे मोजून मागितलेल्या सामानाला वरिष्ठांची परवानगी लागत नसे. झालं! साधी सरळ टेम्पेस्ट-लमान्स घ्यायची, आणि 295 डॉलरच्या "सामाना"त गुपचूप 389 घन इंचांचं, म्हणजे जवळजवळ साडेसहा लिटरचं इंजिन द्यायचं. 1964 ची ही गोष्ट. नाव काय ठेवलं? जीटीओ. कुणाचं ते? फेरारीचं! इटलीत तेव्हा 250 जीटीओ शर्यती जिंकत होती, तिचं नाव दिवसाढवळ्या उचललं. पॉन्टिअॅकचे विक्रीप्रमुख फ्रँक ब्रिज म्हणाले, असली गाडी कोण घेतंय, पाच हजारांच्या वर बनवू नका. पहिल्याच वर्षी 32,450 खपल्या.

अजून ऐका. "कार अँड ड्रायव्हर" मासिकाच्या मार्च 1964 च्या अंकात या जीटीओची त्या जीटीओशी तुलना छापून आली. मुखपृष्ठावर दोघी शेजारी शेजारी धावताहेत असं चित्र. चित्रच हो, कारण फेरारी परीक्षेला आलीच नव्हती! आणि जी पॉन्टिअॅक आली होती, ती मात्र अशी काही पळाली की वाचणारे गार पडले. ती तयार केली होती इथल्याच रॉयल ओक गावच्या रॉयल पॉन्टिअॅक या डीलरने. पुढे कित्येक वर्षांनी पॉन्टिअॅकचे जाहिरातवाले जिम वँगर्स यांनी स्वतःच कबूल केलं, की त्या गाडीत 389 नव्हतंच, 421 घन इंचांचं इंजिन बसवलं होतं. म्हणजे नाव चोरीचं, परीक्षा कॉपी करून पास, आणि जन्म नियम चुकवून. आणि डीलोरियनसाहेब? त्यांना 1982 मध्ये कोकेनच्या व्यवहारात अटक झाली आणि 1984 मध्ये ते निर्दोष सुटले. सुटले ते सुटले, आपण कशाला बोला. पण घराण्याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

बाकीच्या बहिणीही काही कमी नव्हत्या. 1967 च्या कॉर्व्हेटमध्ये एल-88 नावाचं शर्यतीचं इंजिन मिळायचं. कागदावर त्याची ताकद 430 अश्वशक्ती, आणि त्याच्यापेक्षा मवाळ भावंडाची 435! साध्या गिऱ्हाइकाने त्याच्या वाटेला जाऊ नये म्हणून मुद्दाम आकडा पाडून लिहिलेला. वय कमी सांगणाऱ्या बायकांना नावं ठेवतात हो सगळे, पण इथे कारखानाच कागदोपत्री खोटं बोलत होता.

तर अशा या खोटेपणात वाढलेल्या गाडीच्या शुद्धतेबद्दल आज जो सोवळेपणा चालतो, तो बघितला की मला घेरी येते. विकत घेण्याआधी तिची पत्रिका जुळवतात. चेष्टा नाही. इंजिनाच्या ठोकळ्यावर गाडीच्या नंबराचा तुकडा ठोकलेला असतो, तो गाडीच्या नंबराशी जुळला पाहिजे. मग ओतीव भागांवरच्या जन्मतारखा: आधी महिन्याचं अक्षर, ए म्हणजे जानेवारी, मग दिवस, मग साल. इंजिन गाडीच्या आधी जन्मलेलं हवं, पण फार आधीही नको. काचेवर तारीख, गिअरबॉक्सवर तारीख. सगळे गुण जुळले तर गाडी कुलीन, आणि एक फिसकटला की किंमत धाडकन खाली. मग काय, जिथे पत्रिका आली तिथे बनावट पत्रिका करणारे आलेच. जुने आकडे घासून नवे ठोकणारे कारागीर आहेत, आणि घासलेले आकडे ओळखणारे पंडितही आहेत. 1964 आणि 1965 च्या जीटीओचं तर फारच नाजूक आहे, कारण तेव्हा जीटीओ हे नुसतं सामान होतं, गाडीच्या नंबरात त्याचा पत्ताच नाही. कुठल्याही गरीब लमान्सला जीटीओची अक्षरं चिकटवून मांडवात उभी करता येते. म्हणून पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस नावाच्या ठिकाणाहून पैसे भरून कारखान्याच्या जुन्या कागदांच्या प्रती मागवतात. 1966 ते 1971 च्या जीटीओचा नंबर 242 ने सुरू होतो, एवढाच काय तो दिलासा.

कागद जुळले की शृंगार. 1968 मध्ये पॉन्टिअॅकने 87,684 जीटीओ बनवल्या. घाईघाईने, पट्ट्यावरून, रोजंदारीच्या वेगाने. एखाद्या कामगाराने "हा बोल्ट आवळला" म्हणून खडूची रेघ ओढली, दुसऱ्याने पिवळ्या रंगाचा फराटा मारला, तिसऱ्याच्या पिचकारीतून रंग नको तिथे उडाला. आजचे भक्त काय करतात? ती रेघ, तो फराटा आणि तो उडालेला रंग पुन्हा काढतात! जुने फोटो समोर ठेवून, खडू हातात घेऊन, त्या कामगाराची घाई हळूहळू, जीव लावून गिरवतात. शिकागोजवळ रोझमाँटला दर नोव्हेंबरात मसल कारचं मोठं राष्ट्रीय प्रदर्शन भरतं. तिथे परीक्षक विजेरी घेऊन गाडीखाली शिरतात. तिथे जिंकायचं तर स्पार्क प्लगच्या वायरीसुद्धा काळाला धरून हव्यात. म्हणून "पहिली तिमाही, 68" असं छापलेल्या कोऱ्या करकरीत वायरी विकत मिळतात. बॅटरी? वरून डांबर ओतलेल्या जुन्या बॅटरीचं नुसतं खोकं मिळतं, आत आजची बॅटरी लपवायची. साठ वर्षांपूर्वीचा खोटेपणा निदान पोट भरण्यासाठी तरी होता.

असो. खरी गंमत पुढेच आहे. गाडी "पूर्ण" झाल्यावरची.

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही, त्यांच्या मिसेस माझ्या भिशीत आहेत. त्यांनी 1968 ची जीटीओ आणली तेव्हा ती गाडी नव्हती, गाडीच्या आकाराचा गंज होता. इथल्या गाड्यांना गंज का लागतो माहीत आहे ना? हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. आणि ते मीठ कुठून येतं? डेट्रॉइट शहराच्याच पोटातून! शहराखाली सुमारे 1,200 फुटांवर मिठाची खाण आहे. म्हणजे ज्या शहराने गाड्या बनवल्या, त्याच शहराने त्या खाण्याचीही सोय करून ठेवलीय. तर यांनी लोहचुंबक फिरवून बघितलं, तर मागच्या चाकांच्या वर चुंबक चिकटेचना. पत्र्याच्या जागी नुसती पुट्टी. डिकीचा तळ हाताने निघून आला. मग नवे पत्रे मागवले, वेल्डिंग शिकले, तरुणपणी घरात खिळा ठोकायला कारागीर बोलावणारे गृहस्थ. मिसेस म्हणतात, खोकी ऑफिसच्या पत्त्यावर यायची आणि बिलं कुठे जायची ते देवाला ठाऊक. शेवटी एकदाची गाडी हिरवीगार उभी राहिली. चाकाखाली लिंबू ठेवून, नारळ फोडून, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून पूजा झाली. (स्वस्तिक पाच मिनिटांत पुसलं. रंग खराब होतो म्हणे.)

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली ऑइलचा डाग!

या पॉन्टिअॅक इंजिनाच्या मागच्या टोकाला क्रँकशाफ्टभोवती ऑइल अडवायला काय असतं, सांगा बघू? रबरी सील? छे. दोरी. शब्दशः दोरी, खाचेत ठोकून बसवलेली. जुन्या दोरीत अॅस्बेस्टॉस असायचं, ते आरोग्यासाठी गेलं, आणि नव्या दोरीच्या गुणांवरून या लोकांत दोन तट आहेत आणि दोन्ही तटांच्या गाड्या गळतात. खरं म्हणजे आता आधुनिक, दोन तुकड्यांची रबरी सीलं मिळतात. पण ती मूळची नाहीत ना! शिवाय ती बसवायला इंजिन उचलायला लागतं. मग गाडीखाली पुठ्ठा अंथरतात आणि रोज सकाळी त्यावरचे ठिपके वाचतात. लाल ठिपका म्हणजे गिअरबॉक्सचं, तपकिरी म्हणजे इंजिनाचं, हिरवट म्हणजे रेडिएटरचं. आमच्या गृहस्थांच्या पुठ्ठ्यावर तिन्ही रंग आहेत.

तापण्याचं तर विचारूच नका. हायवेला शांत, सिग्नलला लाल. यांनी रेडिएटर बदलला, थर्मोस्टॅट बदलला, फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं शोधून आणलं. काटा चढतोच. आणि तो चढला की उपाय काय, तर हिटर लावायचा! इंजिनाची उष्णता आत घ्यायची म्हणजे बाहेर थोडी कमी होते. गेल्या गणपतीला हे नवराबायको मंडळाच्या आरतीला या गाडीतून निघाले. उन्हाळा अजून सरला नव्हता, एसी नाही, मिसेसच्या अंगावर पैठणी, आणि हिटर पूर्ण जोरात. आरतीला पोचल्या तेव्हा त्यांच्याकडे बघून कुणीतरी विचारलं, "काय हो, उपास सोसला नाही का?" पुढे उलगडा झाला, की पाण्याच्या पंपाच्या पात्यांमागे एक पत्र्याची तबकडी असते, ती आणि पाती यांच्यात जास्त फट राहिली की पंप नुसतं पाणी घुसळतो, पुढे ढकलत नाही. बाजारातल्या नव्या पंपांत ही फट बहुतेक वेळा असतेच. तबकडी ठोकून जवळ आणली, काटा खाली आला. या एका शोधाच्या आनंदात हे गृहस्थ आठवडाभर ज्याला त्याला फट दाखवत होते. मी स्वतः दोनदा बघितली आहे. फट आहे.

काटा उतरला तर गाडी गरम असताना सुरू होईना. थंड असताना एका सेल्फमध्ये पकडते, पण पेट्रोल भरायला थांबलात, पुन्हा सेल्फ मारला, की नुसती घरघर. तिथून पाठीमागे रांग. कारण असं, की आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि ते तापलेल्या कार्ब्युरेटरमध्ये लवकर उकळतं. जुन्या रबरी नळ्याही त्याने सडतात. शिवाय या गाडीच्या क्वाड्राजेट कार्ब्युरेटरच्या तळाशी काही बारीक बुचं असतात, ती झिरपायला लागली की आठवडाभर उभ्या गाडीतलं पेट्रोल आतल्या आत गायब. मग पेट्रोल झिरपलं की उडालं, यावर तासन् तास वाद. आता यावर परंपरागत उपाय काय आहे, ते ऐका आणि कपाळाला हात लावा. पेट्रोलच्या नळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे ओळीने लावायचे! लाकूड उष्णता शोषतं म्हणे. इंजिनिअर आहेत हो हे! उष्णतावहनाचे पेपर सोडवून पास झालेले! उपयोग होत नाही हे त्यांनाही कळतं, तरी लावतात. भिशीच्या दिवशी मिसेसच्या दोरीवरचे कपडे वाऱ्याने उडाले तेव्हा चिमट्यांचा तपास लागला.

पुढचे दिवे तर निव्वळ चावट. या मॉडेलला दिवे झाकणारी दारं मिळायची, आणि ती उघडतात इंजिनाच्या हवेच्या ओढीवर. कुठेतरी एखादी रबरी नळी तडकली की एक दार उघडतं आणि दुसरं अर्धवट मिटलेलं राहतं. मंडळाच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी या गाडीने अध्यक्षांच्या पत्नीला डोळा मारला, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. बोनेटच्या वर, काचेबाहेर बसवलेला टॅकोमीटर आहे, पावसात त्याच्या आत वाफ धरते आणि काटा दिसत नाही. पुढचा बंपर रबरासारख्या मऊ पदार्थाचा आहे, कारखान्याने टीव्हीवर त्याच्यावर घण मारून दाखवले होते. घण सोसतो, रंग सोसत नाही. वरचा रंग तडकतो.

कॅमशाफ्ट नवीन घातला त्याचं एक सांगून सोडते. नवा कॅम बसवला की इंजिन सुरू होताक्षणी वीसेक मिनिटं दोन हजार फेऱ्यांवर ठेवायचं असतं, खाली आणायचंच नाही, नाहीतर कॅम आणि टॅपेट एकमेकांना खाऊन सपाट होतात. आजच्या ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरसचं ते जुनं संरक्षण कमी केलेलं असतं, म्हणून निराळं ऑइल किंवा वरून औषध घालावं लागतं. तर रविवारी सकाळी हे वीस मिनिटांचं होमहवन झालं. सायलेन्सर अजून लावलेला नव्हता. समोरच्या बाई बागेत फुलं खुडत होत्या, त्या फुलं टाकून आत गेल्या त्या दिवाळीला दिसल्या.

आता मला खटकतं ते सांगते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली दिसतही नाही. पेट्रोलची उलटी नळी टाकीकडे फिरवली की उकळणं बरंचसं थांबतं. पुढे डिस्क ब्रेक बसतात. सगळी औषधं बाजारात आहेत आणि महागही नाहीत. पण अर्ध्या लोकांना ती नकोत, कारण त्यांच्या गाडीवर ती कारखान्यातून आली नव्हती. गाडी जशी होती तशी हवी, म्हणजे आजारासकट. आणि हे कोण म्हणतंय? ज्यांनी पंचवीस-तीस वर्षं याच कंपन्यांत बसून गळू नये, तापू नये, एका किल्लीत सुरू व्हावी अशा गाड्या बनवल्या, ते! एकाने तर आयुष्यभर ऑइल सीलवरच काम केलंय. दिवसा ज्याने गळती बंद करून पगार घेतला, तो आता रात्री दोरी ठोकत बसतो. मी म्हणते, शाळेत जाणाऱ्या नातवंडांना आजोबा काय करतात असं कुणी विचारलं तर त्यांनी सांगायचं काय?

दुसरा तट सुधारकांचा. जुन्या अंगात नवं इंजिन, नवे ब्रेक, एसी, सगळं. त्यांच्या गाड्या सुरू होतात, थंड राहतात आणि बायका त्यांत बसतात. सनातन्यांचा त्यांच्यावर बहिष्कार आहे, त्यातून पॉन्टिअॅकमध्ये शेव्हरलेचं इंजिन घातलं तर बोलणंच बंद. खुद्द पॉन्टिअॅक विभागच 2010 मध्ये बंद पडला, त्यामुळे त्याच्या बाजूने भांडायला आता फक्त हेच उरलेत. आणि डॉजने हल्ली विजेवरची चार्जर काढलीय, तिला आवाज नसतो म्हणून आवाज काढायची खास यंत्रणा बसवलीय. तिच्याबद्दल मात्र दोन्ही तटांचं एकमत आहे, आणि ते मी इथे लिहू शकत नाही.

पण या सगळ्या सोवळ्या-ओवळ्याची खरी फजिती केली ती एका मस्टँगने. "बुलिट" या 1968 च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्क्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून पळवलेली हिरवी मस्टँग. न्यू जर्सीच्या एका गृहस्थांनी ती 1974 मध्ये मासिकातली जाहिरात बघून सहा हजार डॉलरला घेतली. त्यांची बायको शिक्षिका. ती या गाडीतून रोज शाळेत जायची! 1977 मध्ये खुद्द मॅक्क्वीनने पत्र पाठवून गाडी परत मागितली. यांनी दाद दिली नाही. 1980 मध्ये क्लच गेला आणि गाडी उभी राहिली ती कित्येक वर्षं. पुढे मुलाने ती चालती केली, पण रंगाला हात लावला नाही, शूटिंगसाठी पाडलेली भोकं बुजवली नाहीत, ओरखडे तसेच ठेवले. जानेवारी 2020 मध्ये फ्लोरिडात लिलाव झाला. शुल्कासह 37 लाख 40 हजार डॉलर!

झालं. त्या दिवसापासून आमच्याकडे हाहाकार. म्हणजे इतकी वर्षं घासलं, रंगवलं, खडूच्या रेघा मारल्या, आणि मान मिळाला तो काहीच न करणाऱ्याला? पडवीत सापडलेल्या गाड्यांची धूळ पुसायची नाही, अशी नवी रीत आली. रोझमाँटच्या प्रदर्शनात अशा गाड्यांचं वेगळं दालन असतं, धुळीसकट. आणि ज्यांच्याकडे अस्सल गंज नाही ते रंगाने गंज काढून घेतात, किंवा आहे त्या गंजावर पारदर्शक लेप देऊन तो टिकवतात. आमच्या गृहस्थांच्या मिसेस हे ऐकून शांतपणे म्हणाल्या, "आमचा गंज यांनी चार वर्षं घासून काढला. नसता काढला तर चाललं असतं का?" भिशीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मी मात्र एक कबूल करते. ही माणसं दुसऱ्याची गाडी बंद पडली की धावतात. सनातनी सुधारकाच्या गाडीखाली झोपतो, गोरा देशी माणसाला कॉइल उसना देतो, आणि परत मागत नाही. घरी नळ गळत असला तर हेच लोक प्लंबरला बोलावतात, तो भाग निराळा.

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर या. इथेच 1909 मध्ये अमेरिकेतला काँक्रीट रस्त्याचा पहिला मैल झाला आणि साठच्या दशकात इथेच रात्री शर्यती लागायच्या. 1995 मध्ये फर्नडेलच्या लोकांनी मुलांच्या सॉकर मैदानासाठी पैसे उभारायला म्हणून जुन्या गाड्यांची फेरी काढली, ती आता फर्नडेलपासून पॉन्टिअॅक गावापर्यंत सोळा मैल पसरते. तिकीट नाही. घडीची खुर्ची, टोपी आणि पाणी आणा, कानात कापूस घाला. "लिटरला किती देते?" हे विचारायला हरकत नाही, सगळेच विचारतात. पण रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून कुणी हसतमुखाने उभा दिसला, तर "काय झालं?" एवढं मात्र विचारू नका. तो सांगेल, आणि तुमचा शनिवार त्यातच जाईल.